मोठी हार्ड डिस्क आणि जुना पीसी : लागेल, पण चालेल का?

सबमिशनचे दिवस जवळ आले की आमच्या ब्लॉकमध्ये एक प्रश्न हमखास कानावर येतो. "अरे, चार टीबीची एक्स्टर्नल घेतोय. माझ्या डबड्याला लागेल ना?" विचारणारा दरवर्षी बदलतो, डिस्कचा आकडा वाढत जातो, प्रश्न मात्र तोच राहतो. उत्तरेही ठरलेली. एक पार्टी म्हणते, "यूएसबी आहे ना? मग लागणारच." दुसरी म्हणते, "जुन्या मशीनला एवढी मोठी डिस्क पेलत नाही, पैसे वाया घालवू नकोस."

दोन्ही उत्तरे अर्धवट आहेत. प्लग जवळपास सगळीकडे लागतो. दिवा लुकलुकतो, टिंग असा आवाज येतो आणि आपण खूश होतो. पण डिस्क नुसती दिसणे वेगळे आणि तिच्या शेवटच्या कोपऱ्यापर्यंत डेटा नीट लिहिला-वाचला जाणे वेगळे. पहिली गोष्ट पाच सेकंदात कळते. दुसरी कळायला कधी कधी वर्ष जाते, आणि तोवर आपला प्रोजेक्ट, बहिणीच्या लग्नाचे फोटो, चार सेमिस्टरच्या नोट्स असं सगळं त्या डिस्कवर जाऊन बसलेलं असतं. म्हणून कुठे अडतं, का अडतं आणि डेटा टाकण्याआधी स्वतः कसं तपासायचं, एवढं या लेखात सांगतो.

"जुना पीसी" म्हणजे काय तेही ठरवून घेऊ. होस्टेलवर सिनियर्सकडून वारसाहक्काने आलेले पेंटियम ४ किंवा कोअर टू ड्युओ, त्यावर विंडोज एक्सपी किंवा विंडोज ७. शिवाय प्रयोगशाळांमधले ते पीसी, जे एखाद्या यंत्राला जोडलेले आहेत आणि त्या यंत्राचे सॉफ्टवेअर एक्सपीशिवाय चालत नाही म्हणून कुणी त्यांना हात लावत नाही. एक्सपीचा सपोर्ट २०१४ मध्येच संपला, तरी असे पीसी अजून इमानेइतबारे काम करताहेत.

वाटेवरची पाच नाकी

आपली फाइल पीसीमधून बाह्य डिस्कवर जाते तेव्हा वाटेत पाच नाकी लागतात. पहिलं, यूएसबी पोर्ट आणि त्यातून मिळणारी वीज. दुसरं, डिस्कच्या डब्यातली छोटी चिप, जी यूएसबीची भाषा आणि डिस्कची भाषा यांच्यात दुभाष्याचं काम करते. तिला ब्रिज म्हणतात. तिसरं, ऑपरेटिंग सिस्टीम. चौथं, डिस्कवरचं पार्टिशन टेबल. पाचवं, फाइल सिस्टीम. या पाचांत जे नाकं सर्वांत अरुंद, त्यावर सगळं ठरतं. बाकी चार कितीही रुंद असोत, उपयोग नाही.

यात बायोसचं नाव नाही हे चाणाक्ष वाचकांच्या लक्षात आलं असेल. "जुना बायोस मोठी डिस्क ओळखत नाही" हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलेलं आहे आणि एके काळी ते खरंही होतं. पण ते कॅबिनेटच्या आत बसवलेल्या डिस्कबद्दल. तिथे आधी ५२८ एमबीची भिंत होती, मग ८.४ जीबीची, मग १३७ जीबीची. शेवटची भिंत आली कारण डिस्कवरच्या जागेचा क्रमांक लिहायला २८ बिट ठेवलेले होते. २८ बिटांत सुमारे २६.८ कोटी क्रमांक मावतात आणि प्रत्येक सेक्टर ५१२ बाइटचा, म्हणजे बरोबर १३७ जीबी. २००२ च्या एटीए-६ प्रमाणाने हे क्रमांक ४८ बिटांचे केले. मूळ विंडोज एक्सपीत (२००१) ही सोय नव्हती. ती २००२ मध्ये सर्व्हिस पॅक १ बरोबर आली.

बाह्य डिस्कच्या बाबतीत मात्र विंडोज एकदा चालू झाली की बायोस मधे येत नाही. ऑपरेटिंग सिस्टीम यूएसबीवरून थेट ब्रिज चिपशी बोलते. त्यामुळे ज्या पीसीत आतली डिस्क ८० जीबीच्या पुढे कधी गेली नाही, तोच पीसी बाहेरची १ टीबीची डिस्क आरामात चालवतो. बायोस बिचारा उगाच बदनाम आहे.

एक अपवाद मात्र आहे. मोठी डिस्क लावून ठेवून पीसी सुरू केला तर काही जुने मदरबोर्ड सुरुवातीच्या काळ्या स्क्रीनवरच अडकून बसतात. बायोस त्या डिस्कवरून बूट होता येतं का हे चाचपत असतो आणि तिथेच गुंततो. उपाय सोपा आहे. आधी पीसी पूर्ण सुरू होऊ द्या, मग डिस्क लावा.

२.२ टीबीची भिंत आणि होस्टेलचं रजिस्टर

आता खरी भानगड. डिस्कवर कोणतं पार्टिशन कुठे सुरू होतं आणि किती मोठं आहे, हे डिस्कच्या अगदी पहिल्या सेक्टरमध्ये लिहिलेलं असतं. जुन्या पद्धतीला एमबीआर म्हणतात. ही १९८३ च्या पीसी-डॉस २.० पासूनची आहे. त्यात सेक्टरचा क्रमांक लिहायला ३२ बिट मिळतात. ३२ बिटांत सुमारे ४२९ कोटी क्रमांक मावतात. प्रत्येकी ५१२ बाइट धरले तर गुणाकार येतो २,१९९,०२३,२५५,५५२ बाइट. म्हणजे सुमारे २.२ टीबी. १९८३ साली १० एमबीची डिस्क म्हणजे चैन होती, तेव्हा या आकड्याला कुणी कधी पोहोचेल असं कुणाला वाटलं असेल?

आकडा संपल्यावर काय होतं हे समजायला होस्टेलचं रजिस्टर डोळ्यासमोर आणा. समजा, खोली क्रमांकासाठी त्यात दोनच घरं छापली आहेत. ०० पासून ९९ पर्यंत शंभर खोल्या मावतात. पुढे नवी इमारत झाली आणि १०० नंबरची खोली आली. कारकून शहाणा असेल तर म्हणेल, "यात मावत नाही, नवं रजिस्टर आणा." कारकून आळशी असेल तर पुढचा १ सोडून देईल आणि लिहून टाकेल ००. आता ०० म्हणजे रेक्टर सरांचं ऑफिस. नव्या पोराची कॉट थेट सरांच्या टेबलावर!

डिस्कमध्येही अगदी हेच घडू शकतं. साखळीतला एखादा दुवा क्रमांकाचा पुढचा भाग गाळणारा निघाला, तर २.२ टीबीच्या पलीकडे जाणारा डेटा फिरून डिस्कच्या सुरुवातीला येऊन पडतो. आणि सुरुवातीला काय असतं? पार्टिशन टेबल, फाइल सिस्टीमची अनुक्रमणिका, आपल्या सर्वांत जुन्या फायली. वाईट भाग असा की डिस्क अर्धी भरेपर्यंत सगळं सुरळीत चालतं. म्हणून "माझ्याकडे वर्षभर चालतेय, काही प्रॉब्लेम नाही" या सर्टिफिकेटवर मी विश्वास ठेवत नाही. किती भरली आहे, हे आधी विचारतो.

आजकाल ऑनलाइन फार स्वस्तात "१६ टीबी" लिहिलेल्या डिस्का मिळतात, त्यातल्या बनावट मालाची युक्तीही याच जातीची असते. आत छोटी चिप, बाहेर मोठा आकडा, आणि मर्यादा संपली की नवा डेटा जुन्यावर चढतो किंवा हवेत विरतो. बाजारभावाच्या चौथाईत मिळणारी डिस्क दिसली की समजून जावं.

नवं रजिस्टर : जीपीटी

शहाण्या कारकुनाने मागितलेलं नवं रजिस्टर म्हणजे जीपीटी. यात सेक्टरचा क्रमांक ६४ बिटांचा असतो, त्यामुळे आपल्या हयातीत तरी आकडा संपायची भीती नाही. पण नवं रजिस्टर वाचता येणारा माणूस हवा. कुणाला वाचता येतं?

विंडोज एक्सपीच्या नेहमीच्या, म्हणजे ३२ बिट आवृत्तीला येत नाही. एक्सपीच्या ६४ बिट आवृत्तीला डेटा डिस्क म्हणून येतं, पण ती आवृत्ती आपल्याकडे औषधाला सापडणार नाही. व्हिस्टा, विंडोज ७ आणि पुढच्या सगळ्यांना येतं, ३२ बिट असल्या तरी. फक्त त्या डिस्कवरून विंडोज बूट करायची तर यूईएफआय लागतं, पण आपल्याला फायली ठेवायच्या आहेत, बूट करायचं नाही. लिनक्सला जीपीटी फार पूर्वीपासून येतं. ३२ बिट लिनक्सची मर्यादा सुमारे १७.६ टीबी आहे, तिथवर होस्टेलमधलं कुणी जाणार नाही.

म्हणजे विंडोज ७ असलेल्या कोअर टू ड्युओवर ४ टीबीची डिस्क चालायला तत्त्वतः काहीच हरकत नाही. कोरी डिस्क पहिल्यांदा लावल्यावर विंडोज विचारते, एमबीआर की जीपीटी? तिथे घाईत एमबीआरवर टिक केली की डिस्क मॅनेजमेंटमध्ये एकूण ३७२६ जीबीपैकी २०४८ वापरता येतात आणि उरलेले १६७८ जीबी काळ्या पट्टीखाली "अनअलोकेटेड" म्हणून नुसते पडून राहतात. दुकानदाराने फसवलेलं नसतं, एका टिकने घोळ केलेला असतो. (४ टीबीचे ३७२६ जीबी कसे, असा प्रश्न पडला असेल तर : कंपनी एक टीबी म्हणजे एक लाख कोटी बाइट मोजते आणि विंडोज १०२४ च्या पटीत मोजते. २ टीबीची डिस्क १८६३ दिसते तीही याचमुळे.)

मेकॅनिकलच्या लॅबमधला प्रसंग

गेल्या वर्षी मेकॅनिकलचा एक प्रोजेक्ट ग्रुप आपली ४ टीबीची डिस्क घेऊन मटेरियल टेस्टिंगच्या लॅबमध्ये गेला. तिथला पीसी एक्सपीवाला. डिस्क लावली, दिवा लागला, पण "माय कॉम्प्युटर"मध्ये काही येईना. डिस्क मॅनेजमेंट उघडलं तर तिथे लिहिलेलं, "जीपीटी प्रोटेक्टिव्ह पार्टिशन". राइट क्लिक केलं तर सगळे पर्याय फिके. बरोबरचा एक सिनियर म्हणाला, "डिस्क करप्ट झालीये. डिस्कपार्टमध्ये जा, क्लीन मार, मग फॉरमॅट कर. दोन मिनिटांचं काम."

त्या डिस्कवर आधीच्या तीन बॅचच्या चाचण्यांचा डेटा होता. नमुने तुटून गेलेले, म्हणजे चाचणी पुन्हा करायची सोयच नाही. बोटं कीबोर्डवर गेली होती तेवढ्यात लॅबचे मामा म्हणाले, "थांबा रे पोरांनो. काल जिथं उघडत होतं, तिथं आधी जाऊन उघडून बघा." पोरं डिस्क घेऊन माझ्याकडे आली. विंडोज १० वर लावली, सगळे फोल्डर जिथल्या तिथे.

डिस्क करप्ट नव्हतीच. "प्रोटेक्टिव्ह" या शब्दाचा अर्थच तो आहे. जीपीटी करताना डिस्कच्या पहिल्या सेक्टरमध्ये एक खोटं एमबीआर मुद्दाम लिहून ठेवतात. जुन्या प्रणालीला डिस्क रिकामी वाटू नये आणि तिने तिथे काही लिहू नये, एवढ्यासाठी ती पाटी असते. "मला हे वाचता येत नाही, पण इथे कुणीतरी राहतं" असं एक्सपी प्रामाणिकपणे सांगत होती. आपणच तिला खोटं पाडायला निघालो होतो.

तेव्हापासून एक नियम मी सगळ्यांना सांगतो. जुन्या पीसीने "फॉरमॅट करू का?" किंवा "इनिशियलाइज करू का?" असं विचारलं की उत्तर "नाही". डिस्क काढा, नव्या पीसीवर लावून बघा, मग बोला.

आता त्या लॅबमध्ये १ टीबीची एक वेगळी डिस्क ठेवली आहे, एमबीआर पद्धतीची आणि एनटीएफएस केलेली. एक्सपीवरून डेटा तिच्यावर येतो आणि नव्या पीसीवरून मोठ्या डिस्कवर जातो. थोडी पायपीट वाढली, पण मामा खूश आहेत.

डब्यातल्या चिपची करामत

२०१० मध्ये ३ टीबीच्या बाह्य डिस्का बाजारात आल्या तेव्हा एक्सपीवाले असंख्य होते. त्यांना गिऱ्हाईक म्हणून सोडायचं कसं? मग काही कंपन्यांनी ब्रिज चिपकडून एक युक्ती केली. सेक्टर ५१२ बाइटचा न सांगता ४०९६ बाइटचा आहे असं पीसीला सांगायचं. खोल्यांची संख्या तीच, पण प्रत्येक खोली आठपट मोठी. तेच ३२ बिट आता १७.६ टीबीपर्यंत पुरतात आणि एमबीआर असूनही एक्सपीवर ३ टीबीची डिस्क पूर्ण दिसते.

युक्ती छान आहे, पण तिला एक काटा आहे. असा डबा किंवा त्याची केबल बिघडली की आपण काय करतो? डिस्क बाहेर काढतो आणि थेट साटा केबलने नाहीतर दुसऱ्या डब्यात लावतो. आता नवा दुभाष्या ५१२ च्या हिशेबाने बोलतो, पार्टिशन टेबल मात्र ४०९६ च्या हिशेबाने लिहिलेलं. पत्ते जुळत नाहीत आणि विंडोज विचारते, फॉरमॅट करू का? डेटा जसाच्या तसा आत असतो, फक्त मोजपट्टी बदललेली असते. आधीच्यासारखाच दुसरा डबा मिळवून त्यात डिस्क लावली की बहुतेक वेळा काम होतं. इथे "हो" म्हणणं हीच खरी चूक.

उलटा प्रकारही होतो. जुन्या काळी घेतलेला रिकामा डबा घरात पडलेला असतो आणि त्यात आपण नवी मोठी डिस्क बसवतो. त्या चिपला ३२ बिटांपलीकडचे क्रमांक मोजता येत नसतील तर ३ टीबीची डिस्क ७४६ जीबीची दिसते. हा आकडा पाठ करून ठेवा. ३ टीबीमधून २.२ टीबी वजा केले की नेमके एवढेच उरतात. कारकुनाने पुढचा १ गाळला, त्याची ही पावती. असा आकडा दिसला की त्या डब्यात एक फाइलही टाकू नका.

फाइल सिस्टीम : कुणाची भाषा बोलायची?

फॅट३२ सगळ्यांना येते, विंडोज ९८ पासून टीव्हीपर्यंत. पण तिच्यात एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी ठेवता येत नाही. डिस्कवर ५०० जीबी मोकळे असूनही "जागा अपुरी" असा संदेश येतो आणि माणूस चक्रावतो. व्हर्च्युअल मशीनची इमेज किंवा मोठा व्हिडिओ असेल तर फॅट३२ विसरा.

एक्सफॅट ही नंतरची, २००६ पासूनची. फाइलच्या आकाराचं बंधन नाही. एक्सपीला ती वाचता येण्यासाठी २००९ मध्ये वेगळा अपडेट आला, तो ज्या पीसीत टाकलेला नाही तिथे डिस्क उघडणार नाही. व्हिस्टाला सर्व्हिस पॅक १ पासून येते. लिनक्सच्या कर्नलमध्ये ती २०१९ साली ५.४ या आवृत्तीत आली, त्याआधी वेगळं पॅकेज टाकावं लागे. एक्सफॅटला नोंदवही ठेवायची सवय नाही. म्हणजे लिहिता लिहिता लाइट गेली तर कुठवर आलो होतो याची नोंद सापडत नाही. आपल्याकडे लोडशेडिंग, होस्टेलच्या पीसीला यूपीएस नाही आणि ढकलून लावलेला प्लग, हे तिन्ही गृहीत धरावं लागतं.

एनटीएफएस नोंदवही ठेवते आणि एक्सपीपासून सगळ्या विंडोजना येते. लिनक्सवरही वाचता-लिहिता येते. त्यामुळे मुख्यतः विंडोजवर फिरणाऱ्या डिस्कला मी एनटीएफएसच सुचवतो. आणि शक्यतो पार्टिशन एक्सपीवर करू नका, विंडोज ७ किंवा पुढच्यावर करा. आजच्या डिस्का आतून ४०९६ बाइटच्या तुकड्यांत काम करतात. एक्सपी पहिलं पार्टिशन ६३ व्या सेक्टरपासून सुरू करते, तो या तुकड्यांच्या सीमेवर येत नाही आणि प्रत्येक लिखाणाला डिस्कला दुप्पट मेहनत पडते. नंतरच्या विंडोज २०४८ व्या सेक्टरपासून सुरू करतात, तिथे हिशेब जुळतो.

वेग आणि वीज

नव्या यूएसबी ३ च्या डिस्का जुन्या यूएसबी २ पोर्टवर चालतात, फक्त जुन्या वेगाने. आकडेमोड करून बघा. यूएसबी १.१ वर प्रत्यक्षात सेकंदाला साधारण १ एमबी मिळतो, म्हणजे १ टीबी कॉपी करायला साडेअकरा दिवस. गणपती बसल्यावर सुरू केलं तर विसर्जन झालं तरी कॉपी चालूच! यूएसबी २ वर सेकंदाला ३० एमबी धरले तर सव्वानऊ तास. यूएसबी ३ वर १०० एमबी धरले तर पावणेतीन तास. म्हणून पहिल्यांदाची मोठी कॉपी नव्या पीसीवर उरका आणि रोजची छोटी भर जुन्यावर टाका.

विजेचं गणित याहून नाजूक. यूएसबी २ चा पोर्ट ५ व्होल्टला ५०० मिलिअँपिअर, म्हणजे २.५ वॅट द्यायला बांधील आहे. यूएसबी ३ चा ९०० मिलिअँपिअर. अडीच इंची डिस्कची मोटर सुरू होताना क्षणभर अँपिअरच्या आसपास करंट ओढू शकते. नव्या पोर्टला ते सहन होतं, जुन्याला होईलच असं नाही. मग डिस्क टिकटिकते, दिसते, गायब होते, पुन्हा दिसते. लोक म्हणतात डिस्क खराब निघाली. खरं तर ती उपाशी असते. कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टऐवजी मागचा, थेट मदरबोर्डवरचा पोर्ट वापरा. लांब, बारीक केबल टाळा. तरीही जमत नसेल तर दोन प्लगची वाय केबल किंवा स्वतःचा अडॅप्टर असलेला हब घ्या. साडेतीन इंची डिस्कला १२ व्होल्ट लागतात, म्हणून तिचा अडॅप्टर वेगळाच येतो. जुन्या पीसीसाठी ती अधिक भरवशाची, फक्त खोलीत एक सॉकेट जास्त हवं.

भरवसा ठेवण्याआधी

आता मुख्य गोष्ट. डिस्क कोरी असतानाच खालील तपासणी करा. डेटा भरल्यावर नाही.

पहिलं, आकडा बघा. १ टीबी असेल तर ९३१ जीबी, २ असेल तर १८६३, ३ असेल तर २७९४, ४ असेल तर ३७२६. यापेक्षा फार वेगळं दिसलं तर तिथेच थांबा.

दुसरं, डिस्क अस्सल आहे का ते नव्या पीसीवर तपासा. विंडोजसाठी एच२टेस्टडब्ल्यू आणि लिनक्ससाठी एफ३ ही मोफत साधनं आहेत. ती पूर्ण डिस्क ओळखीच्या डेटाने भरतात आणि मग तोच परत वाचून ताडतात. वेळ लागतो, रात्री लावून झोपा.

तिसरं, आणि जुन्या पीसीसाठी सर्वांत महत्त्वाचं, डिस्कचं लांबचं टोक तपासा. नव्या पीसीवर दोन पार्टिशन करा : एक मोठं आणि अगदी शेवटी दहा-वीस जीबीचं छोटं. दोन्हींत काही मोठ्या फायली टाका आणि त्यांच्या प्रती नव्या पीसीवर ठेवा. मग डिस्क जुन्या पीसीवर लावा. शेवटच्या पार्टिशनमधल्या फायली उघडा, तिथे आणखी काही जीबी लिहा, "सेफली रिमूव्ह" करून काढा. परत नव्या पीसीवर येऊन दोन्ही पार्टिशनमधल्या फायली मूळ प्रतींशी बाइटला बाइट ताडून बघा. शेवटच्या टोकाला लिहिलेलं बरोबर आलं आणि सुरुवातीच्या फायली शाबूत राहिल्या, तर तुमचा जुना पीसी, त्याची प्रणाली आणि डब्यातली चिप यांना पूर्ण मोजता येतं. मग ते छोटं पार्टिशन काढून टाका आणि डिस्क बिनधास्त वापरा.

एवढा व्याप नको असेल तर सोपा मार्ग आहेच. पीसी एक्सपीचा असेल तर २ टीबीपर्यंतची डिस्क घ्या, एमबीआर आणि एनटीएफएस ठेवा. भिंत २.२ ला आहे, आपण २ ला थांबलो की प्रश्नच मिटला. विंडोज ७ किंवा लिनक्स असेल तर मोठी डिस्क जीपीटी करून घ्या आणि वरची तिसरी तपासणी एकदा कराच. एक्सपी आणि नवा पीसी दोन्हींवर एकच डिस्क फिरवायची असेल तर एक्सपीच्या मर्यादेत राहा. टांग्यात बसायचं तर घोड्याच्या चालीनंच जावं लागतं.

शेवटी एक. तपासून घेतलेली डिस्कसुद्धा एक दिवस बंद पडते. ज्याची दुसरी प्रत नाही तो डेटा कितीही चांगल्या डिस्कवर असला तरी उधारीवरच आहे. वर्षभर खपून केलेल्या प्रोजेक्टची एक प्रत मोठ्या डिस्कवर, एक मित्राच्या पीसीवर आणि जमल्यास एक घरी ठेवा. कुणाला वरची तपासणी करताना अडलं तर ब्लॉकमध्ये कुणालाही विचारा, माझी खोली दाखवतील. येताना दोन्ही केबल घेऊन या, आणि त्याआधी कुठेही "फॉरमॅट"ला "हो" म्हणू नका!